पटांगणावरील तण आणि औषधांचे मिश्रण

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या पटांगणावर गाजर गवत कमरेएवढे वाढले, आणि वर्गावर्गांतून एकच चर्चा सुरू झाली. शेतात वापरतात ती दोन-तीन तणनाशके एकत्र करून एकदाच फवारली, तर हा उपद्रव कायमचा मिटणार नाही काय? चलथाण हे साखर कारखान्याचे गाव. ॲट्राझिन किंवा २,४-डी ही नावे न ऐकलेला विद्यार्थी आमच्यांत विरळाच. तेव्हा ही सूचना पुढे येणे स्वाभाविक होते. तथापि माझे मत तिच्या विरुद्ध आहे, आणि ते केवळ भीतीपोटी नव्हे.

मिश्रणामागील कल्पना शास्त्राला धरून आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २,४-डी रुंद पानांच्या तणांना मारते व गवतवर्गाला बहुधा सोडून देते. गाजर गवत हे नावापुरतेच गवत. कुळाने ते सूर्यफुलाचे नातलग. म्हणून ते या औषधाने मरते आणि हराळी जगते. लव्हाळा मात्र, ज्याला आपले गुजराती शेजारी चिढो म्हणतात, वरवर करपतो आणि जमिनीतील गाठींतून पुन्हा डोके वर काढतो. तुकोबांनी लव्हाळ्याची नम्रता वाखाणली खरी, पण त्याची चिवटाई निंदणी करणाऱ्यालाच ठाऊक! त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखे निराळे औषध लागते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हा मिश्रणाचा एक लाभ. दुसरा याहून मोठा आहे. पंजाब-हरियाणात गव्हाच्या शेतांत वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन या एकाच औषधावर भिस्त ठेवली गेली. परिणामी १९९० नंतरच्या दशकात तेथील गुल्लीदंडा नावाचे तण त्या औषधाला दाद देईनासे झाले. निरनिराळ्या रीतीने मारणारी औषधे एकत्र अथवा आलटून-पालटून वापरली असती, तर ही आपत्ती इतक्या लवकर ओढवली नसती.

परंतु मिश्रण म्हणजे बेरीज नव्हे. काही गवतनाशके २,४-डी सोबत मिसळली असता दुबळी होतात. ग्लायफोसेट मिसळले, तर तणाबरोबर हराळीही जाईल. आणि हराळी म्हणजे तरी कोण? आपण गणपतीला वाहतो ती दूर्वाच. उसाच्या शेतात ती वैरीण ठरते. पण पटांगणावर तीच माती धरून ठेवते आणि पडलेल्या खेळाडूचा गुडघा वाचवते. ती मेली की काळी जमीन उघडी पडेल, आणि उघड्या जमिनीवर सर्वांआधी गाजर गवतच पुन्हा हजर होईल. शिवाय २,४-डी चे तुषार वाऱ्याबरोबर कुंपणापलीकडे गेले, तर कापसाची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात. शेजारच्या शेतकऱ्याला आपण कोणते तोंड दाखवणार?

कोणी म्हणतात, मे महिन्याच्या सुट्टीत फवारावे. त्या वेळी उन्हाने होरपळलेले तण औषध नीट शोषून घेतच नाही. तण कोवळे व सतेज असते ते पावसाळ्यात. आणि तेव्हा तर याच मातीवर आम्ही अनवाणी पायांनी कबड्डी आणि खो-खो खेळतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २,४-डी ची गणना कर्करोगास कारण ठरण्याचा संभव असलेल्या पदार्थांत केली. पुरावा अपुरा आहे, असेही त्याच संस्थेने सांगितले. पण अपुऱ्या पुराव्याची परीक्षा शाळेच्या पटांगणावर कशासाठी घ्यावी?

माझी सूचना साधी आहे. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते व पुरळ उठते, म्हणून हातमोजे अवश्य हवेत. एवढे झाले की मिश्रणाची गरज मुळातच संपते. उरतो तो लव्हाळा. तो नुसता उपटल्यास गाठींची साखळी तुटते आणि प्रत्येक गाठीला स्वतंत्र कोंब फुटतो. म्हणून तो गाठींसह खणून काढावा. तरीही हटला नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत तेवढ्याच ठिकाणी एखादे औषध चालेल किंवा नाही, हे नवसारीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना विचारावे. नवसारी काही दूर नाही.

पुढील जुलै महिन्यातील पहिला शनिवार या कामासाठी राखून ठेवावा. हातमोज्यांच्या दोन जोड्या मी घरून आणीन.