केप पॉइंटचा डबाचोर

सहलीचा डबा गाडीत कुठे ठेवावा, हा काही डोकं खाजवण्यासारखा प्रश्न नव्हे. मागच्या सीटवर, पायाशी, मांडीवर, कुठेही चालतो. पण दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटला निघाला असाल तर तो डिकीत, नजरेआड ठेवा आणि काचा पूर्ण वर घ्या. केपटाऊनमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला हे माहीत होतं. तरीही डबा तिच्या मांडीवरच राहिला.

ही मुलगी मूळची डर्बनची. पाच पिढ्यांपूर्वी तिचे पूर्वज मद्रासहून उसाच्या मळ्यांत राबायला आले. घरात आता तमिळ फारसं कुणी बोलत नाही, पण प्रवासाला निघताना रोटीत बटाट्याची झणझणीत भाजी गुंडाळून न्यायची रीत टिकून आहे. परीक्षा संपल्यावरच्या शनिवारी वर्गातले चौघं भाड्याची गाडी करून निघाले, तेव्हा पहाटे उठून तिने बारा रोट्या केल्या होत्या. भाजी आजीने फोनवर सांगितली तशी.

वाटेत सायमन्स टाऊनपाशी बोल्डर्सचा किनारा लागतो. पेंग्विन म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो. इथे बर्फाचा पत्ता नाही. मोठमोठ्या गुळगुळीत शिळा, पांढरी वाळू आणि तिच्यावर दुडुदुडु चालणारे हातभर उंचीचे पक्षी. ते ओरडतात मात्र अगदी गाढवासारखे! १९८२ मध्ये इथे पेंग्विनच्या फक्त दोन जोड्या होत्या. मग वसाहत वाढत हजारांवर गेली, आणि लाकडी पुलावरून ती पाहणाऱ्याला सगळं आबादीआबाद वाटतं. प्रत्यक्षात २०२४ मध्ये या आफ्रिकी पेंग्विनची नोंद अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. घरटं करणाऱ्या त्यांच्या जोड्या आता दहा हजारांहूनही कमी उरल्या आहेत. पूर्वी माणसांनी त्यांची अंडी खाल्ली. विष्ठेच्या ज्या थरांत ते बिळं करीत, ते थर खत म्हणून खरवडून नेले. आता ज्या सार्डिन आणि अँचोव्ही माशांवर ते जगतात, तेच माणसाच्या जाळ्यात जातात. थोडक्यात, पक्ष्याच्या ताटातलं माणसाने ओढून घेतलं. केप पॉइंटला गोष्ट नेमकी उलटी आहे.

बोल्डर्स सोडलं की थोड्याच वेळात अभयारण्याचं फाटक येतं. हे राखीव क्षेत्र १९३९ पासूनचं. कमरेएवढी झुडपं, मधूनच एखादा शहामृग, नशीब असेल तर डोंगरी झेब्रा. टोकावरच्या कड्यावर वारा असा, की टोपी हातात धरूनच चढावं. आफ्रिकेचं दक्षिण टोक ते हेच, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. ते आगुल्हास, इथून दीडेकशे किलोमीटर आग्नेयेला. केप ऑफ गुड होप हे नैर्ऋत्य टोक. १४९७ मध्ये वास्को द गामा याला वळसा घालून पुढे गेला आणि पुढल्या वर्षी कालिकतला पोहोचला, म्हणून आपल्या शाळेच्या पुस्तकांत याचं नाव.

कड्यावर दोन दीपगृहं आहेत, आणि दुसऱ्याची कथा मजेशीर आहे. पहिलं १८६० मध्ये सुरू झालं, पण ते इतक्या उंचावर बांधलं की ऐन गरजेच्या वेळी धुक्यात गडप व्हायचं. १९११ मध्ये ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज खालच्या खडकावर आपटलं, तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि बरंच खाली, ८७ मीटर उंचीवर दुसरं दीपगृह उभं राहिलं. फलकावरचा १८६० हा आकडा वाचून ती मुलगी क्षणभर थांबली. हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज डर्बनला लागलं, तेही त्याच वर्षी.

उतरून चौघं गाडीत बसले. भूक कडाडून लागली होती. वाहनतळाच्या कुंपणावर बबून माकडांचा कळप बसलेला. एका मादीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं.

“अगं, एक तुकडा टाक ना खाली, फोटो मस्त येईल,” मित्र म्हणाला.

“वेडा आहेस का? पाटी वाच,” ती म्हणाली.

खाऊ घालणं तिथे गुन्हा आहे. माथेरानला माकडांना चणे खिलवणाऱ्या आपल्या मंडळींना हे जरा कडकच वाटेल! पण फोटोसाठी मित्राने काच खाली केलीच. पुढचं सगळं दोन क्षणांत झालं. एक दांडगा नर बॉनेटवर, मग खिडकीत. केसाळ हात आत आला आणि डबा घेऊन गेला. मुलीने किंकाळी फोडली, बाकीचे पोट धरधरून हसले.

काठी घेऊन धावत आलेला रखवालदार हसला नाही. नराला झुडपांपलीकडे पिटाळून तो परत आला. “मॅडम, तुमचं एक जेवण गेलं,” तो शांतपणे म्हणाला. “पण गाडीत जेवण असतं हे तो आज पुन्हा शिकला. असे धीट झालेले नर मग घरांत शिरतात. काहींना सरकारी नियमाने मारावं लागलं आहे.”

“याला मारतील?”

“आज नाही.”

गाडीत मग कुणी बोललं नाही. मित्राने काढलेले फोटो कुणी पाहायला मागितले नाहीत. झुडपापाशी डबा मिळाला. झाकण वाकलेलं, आत तेलाचा एक ओघळ. तिने तो पुसून पिशवीत घातला.

रात्री डर्बनहून आजीचा फोन आला. भाजी कशी झाली होती, तिने विचारलं.

“एक कणही उरला नाही, आजी,” मुलगी म्हणाली.