कंधारचा अंगठा आणि दिल्लीचे मंडळ

मागील खरिपात कंधारच्या एका सेवा केंद्रात मला तासभर खोळंबावे लागले. संगणकाशेजारी एक दोनशे पानी वही उघडी पडली होती आणि तिच्यात गावोगावच्या शेतकऱ्यांची नावे, आधार क्रमांक, बँकेचे खाते, गट नंबर व मोबाइल क्रमांक निळ्या शाईत ओळीने मांडलेले होते. कापूस वेचून वेचून रेषा पुसट झालेला एका म्हातारीचा अंगठा यंत्राने दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा तिने तो लुगड्याच्या पदराला पुसून टेकवला, आणि नंतर आलेला ओटीपी तिच्या नातवाने साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा स्वरात वाचून दाखवला. केंद्रचालक लबाड नव्हता, हे मुद्दाम नमूद करतो. पुढल्या साली म्हातारीला पुन्हा तेच कागद शोधावे लागू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता.

या वहीतून संगणकात चढणाऱ्या माहितीसंबंधी आता कायदा आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम मंजूर केला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये अमलात यावयाच्या आहेत. अशा वेळी लोकप्रतिनिधीने या कायद्याची आणि गरिबाच्या विधी साहाय्याची सांगड घालून सभागृहात प्रश्न विचारावा, असे मी म्हटले की तीन आक्षेप ऐकावयास मिळतात.

पहिला आक्षेप असा की खासगीपणा हा शहरी चोचला आहे. ज्या गावात कोणाची म्हैस आटली आणि कोणाच्या डोक्यावर सोसायटीचे किती कर्ज आहे हे पारावर तोंडपाठ असते, तेथे कसली गोपनीयता? हे म्हणणारे पाराची वार्ता आणि दस्तऐवज यांची गल्लत करतात. शेजाऱ्याला माझे कर्ज ठाऊक असल्याने माझ्या नावावर नवे कर्ज उचलता येत नाही. वहीतल्या चार क्रमांकांनी मात्र पुष्कळ काही उचलता येते. 2023 च्या खरिपात सुरू झालेल्या आणि 2025 मध्ये गुंडाळलेल्या एक रुपयातील पीकविम्याची हकिकत आपल्या मुलखाला नवी नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर, एवढेच नव्हे तर शासकीय जमिनीवरही विमे उतरवल्याची प्रकरणे निघाली, आणि खऱ्या शेतकऱ्याला आपल्या सातबाऱ्याचा असा उपयोग झाल्याचे शेवटी कळले. खासगीपणा ही मूठभर अभिजनांची चैन आहे, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही झाला होता. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने तो युक्तिवाद स्पष्ट शब्दांत फेटाळला. नऊ वर्षांपूर्वी निकालात निघालेली गोष्ट पारावर पुन्हा उकरण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवे डेटा संरक्षण मंडळ राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असले तरी त्याचे कामकाज, तक्रार दाखल करण्यापासून निर्णयापर्यंत, शक्यतो डिजिटलच चालावयाचे असल्याने गरिबाला ना दिल्लीची वाट धरावी लागेल ना वकिलाचे घर गाठावे लागेल, असे त्याचे समर्थक म्हणतात. रेल्वेचे भाडे वाचेल, हे मला मान्य आहे. परंतु मंडळाकडे जाण्यापूर्वी ज्याने माहिती घेतली त्याच्याचकडे रीतसर तक्रार करावी लागते, आणि तिच्या निवारणासाठी नियमांनी नव्वद दिवसांपर्यंतची मुदत दिली आहे. त्यानंतर तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि एवढे करून जिंकलो तरी अपराध्याकडून वसूल झालेला दंड, मग तो अडीचशे कोटींचा का असेना, भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरी या कायद्याने एक पैसाही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाईचे 43-अ हे कलमही याच अधिनियमाने रद्द व्हावयाचे आहे. निजामी अमदानीत उर्दू नोटीस वाचून घेण्यासाठी आमच्या आजोबांना मुन्शीची मनधरणी करावी लागे. आता संमतीची सूचना मराठीत मागण्याची सोय कायद्याने दिली आहे, ही चांगली गोष्ट होय. पण नव्वद दिवस कोठून मोजावयाचे, पुरावा कोणता जपावयाचा आणि दहा हजारांची जोखीम पत्करावी की नाही, हे त्या म्हातारीला सांगणार कोण? तिचा नातू?

विशेष हे की सांगणारा नेमण्याची सोय आपल्या कायद्यात आधीपासूनच आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ आले, त्याच्या पोटी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम जन्मला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ती स्त्री आहे, एवढे पुरे. तालुक्याच्या ठिकाणी समिती असावी, ही तरतूदही त्यातच आहे. आणि या अधिनियमाने ‘न्यायालय’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत दिवाणी, फौजदारी व महसुली न्यायालयांबरोबर न्यायिक वा अर्धन्यायिक काम करणारे कायद्याने स्थापिलेले कोणतेही प्राधिकरण येते. समन्स काढण्यासारख्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार लाभलेले आणि दंड ठोठावणारे डेटा संरक्षण मंडळ या व्याख्येत बसत नसेल, तर दुसरे काय बसते, हे मला समजत नाही. पण मला समजून भागत नाही. पॅनलवरील वकिलाला या कामाची फी मंजूर करणाऱ्या कारकुनाच्या पुढ्यात तसे लेखी पडावे लागते.

येथे तिसरा आक्षेप पुढे येतो: सभागृहात प्रश्न विचारून काय होते? मंत्री छापील उत्तर देतात, कागद दप्तरी जातो. हे बोलणाऱ्यांनी कंधारात तरी असे बोलू नये. भाई केशवराव धोंडगे यांनी याच मातीतून उठून विधानसभा प्रश्नांनी दणाणून सोडली होती. 1 जानेवारी 2023 रोजी ते गेले, हा कायदा पाहावयास ते राहिले नाहीत. छापील उत्तरात मंत्र्याने आश्वासन दिले तर ते आश्वासन समितीच्या नोंदीत चढते आणि तीन महिन्यांत पुरे करावे लागते. शिवाय एक गोष्ट अलीकडेच घडली आहे. माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) ला जोडून, जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक परंतुक होते. डेटा संरक्षण अधिनियमाने ते काढून टाकले, आणि हा बदल नोव्हेंबर 2025 मध्येच अमलात आला. सार्वजनिक हिताची पळवाट कलम 8(2) मध्ये अजून उरली आहे, हे खरे. तरी अर्जदार आणि आमदार यांना एका पंक्तीला बसवणारे ते वाक्य गेले. म्हणजे जे आमच्या अर्जाला आता नाकारले जाईल, ते विचारण्याची जबाबदारी प्रतिनिधीवर आधीपेक्षा अधिक आली आहे.

कंधार शहर नांदेड जिल्ह्यात असले तरी लोहा विधानसभा मतदारसंघातून ते लातूरच्या लोकसभा मतदारसंघात मोडते, त्यामुळे विचारणारे खासदार लातूरचे. त्यांनी लांबलचक प्रस्तावना करू नये. 1987 च्या अधिनियमातील ‘न्यायालय’ या व्याख्येत डेटा संरक्षण मंडळ येते काय, आणि येत असल्यास तालुका समितीच्या वकिलाला तेथील तक्रारीचे काम कोणत्या तारखेपासून देता येईल, एवढेच विचारावे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते.