खाट नाही म्हणून तपासणी नाही?

गेल्या महिन्यात दाढ काढायला एका दवाखान्यात गेलो होतो. खुर्चीत बसल्यावर सहज विचारले, ‘हा चिमटा ऑटोक्लेव्हमधून काढलाय ना?’ मदतनीस मुलगी म्हणाली, ‘काका, गरम पाण्यातून काढलाय की!’ नुसत्या उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमधली दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ किमान १५ मिनिटे लागते. मी दाढ तशीच घेऊन परतलो.

तक्रार कुठे करायची हे शोधताना खरी गोम कळली. राज्यातल्या खासगी रुग्णालयांना १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्यांना बंधनकारक केले. पण हे सारे रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी. जिथे खाटच नाही, त्या दवाखान्याला हा कायदा विचारत नाही. असे दवाखानेही कक्षेत घेणारा केंद्राचा २०१०चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.

गंमत म्हणजे, याच दवाखान्यातल्या कचऱ्याला मात्र २०१६चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत. रक्ताळलेला बोळा पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. म्हणजे उपटलेली दाढ कुठे टाकायची हे सरकार सांगते; ती उपटणारा चिमटा स्वच्छ आहे का, हे पाहायला कोणी फिरकत नाही!

दवाखान्यांची तपासणी सुरू केली तर ‘इन्स्पेक्टर राज’ येईल, असे डॉक्टर म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच तपासणी मोजक्या गोष्टींची असावी: ऑटोक्लेव्हची नोंदवही, सुई-सिरिंजचा एकदाच वापर, तातडीची औषधे. आणि निकाल दारावर लावावा, म्हणजे चिरीमिरीलाही वाव कमी. सुई-सिरिंज तपासायची, कारण गुजरातेत मोडासा भागात २००९मध्ये वापरलेल्या सिरिंजमधून हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे प्राण गेले. तिथे प्रश्न खाटांचा नव्हता, सुईचा होता.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यात दाढ काढली. डॉक्टरांनी निर्जंतुक केलेले पाकीट माझ्यासमोर फोडले, त्यावरच्या पट्टीचा बदललेला रंग दाखवला. पैसे थोडे जास्त पडले, ते आनंदाने दिले. पण मी विचारले म्हणून वाचलो. दुखऱ्या गालावर हात धरून बसलेल्या प्रत्येकाने आधी चिमट्याची चौकशी करावी, अशी सरकारची अपेक्षा आहे का?

— एक वाचक, सातारा