कृत्रिम भाषेचे क्रियापद: तर्क की रूढी?

एस्पेरांतोचे क्रियापद निखळ तर्काने चालते, हा तिच्या समर्थकांचा दावा टिकणारा नाही. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या भाषेत क्रियापद पुरुष-वचनानुसार बदलत नाही. वर्तमान, भूत, भविष्य यांस ‘-आस’, ‘-इस’, ‘-ओस’ हे प्रत्यय पुरतात, हे खरेच. परंतु ‘घर बांधले गेले’ हे ‘एस्तिस कोन्स्त्रुआता’ की ‘एस्तिस कोन्स्त्रुइता’, यावर दोन तट पडले. पहिल्याने धातुसाधितात काळ पाहिला, दुसऱ्याने क्रियेची पूर्तता. १९६७ मध्ये एस्पेरांतो अकादमीने दुसरा पक्ष उचलून धरला. त्या पक्षाचा मुख्य आधार कोणता? खुद्द झामेनहॉफ यांचे लेखन, म्हणजे वापरच. निर्मात्याच्या नियमाचा अर्थ जिथे त्याच्याच भाषाव्यवहारातून शोधावा लागतो, तिथे तर्काची निरपवाद सत्ता उरते कोठे?