वाढदिवस घरीच करा



आम्हा कीर्तनकारांची एक लाडकी कोटी आहे. "वाढदिवस कसला, हा तर घटदिवस! आयुष्यातले एक वर्ष गेले आणि तुम्ही टाळ्या वाजवता?" मंडपात हशा होतो, बुवा पुढच्या चरणाकडे वळतात. मीही चाळीस वर्षे हाच हशा मिळवला. आज शहात्तराव्या वर्षी सांगतो, ती कोटी खोटी होती.

पूर्वपक्ष असा की, वारकऱ्याने पुण्यतिथी करावी, जन्मदिवस नव्हे. तुकोबारायांची बीज, नाथांची षष्ठी, आळंदीची कार्तिक वद्य त्रयोदशी, या निर्याणाच्याच तिथी. खरे आहे. पण मग रामनवमीला भर दुपारी आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा कोण हलवतो? आपणच ना? आमच्या विदर्भातलेच पाहा. शेगावच्या गजानन महाराजांची जन्मतिथी कोणाला ठाऊक नाही. तरी माघ वद्य सप्तमीला प्रकटदिन होतो, कारण १८७८ साली त्या दिवशी महाराज शेगावी प्रथम दिसले. 'हा आपल्यात आला', एवढाच तो आनंद. आईबापांनी तोच आनंद लेकरासाठी मानला, तर त्याला देहाभिमान कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, "लहानाचे ठीक, थोराचे कशाला?" शास्त्रात वर्धापनविधी दरसालचा आहे. तीळ लावून स्नान, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे आणि मार्कंडेयाचे स्मरण, मग तीळगूळ घातलेले दूध. यात व्यासपीठ कुठे आहे? शाल कुठे आहे? हा घरातल्या पाटावरचा विधी आहे.

म्हणून माझे भांडण चौकातल्या फलकाशी आणि भाड्याच्या हॉलशी आहे. तिथे उत्सवमूर्ती खुर्चीत बसतो आणि आई तिसऱ्या रांगेत. घरी तोच माणूस पाटावर बसतो, आई ओवाळते आणि तो तिच्या पायावर डोके ठेवतो. अभिमान कुठे वाढतो आणि कुठे गळतो, हे तुम्हीच ठरवा. केक आणला म्हणून मी रागावणार नाही. मात्र निरांजन आधी लागू द्या.

आता माझी चूक सांगतो. माझ्या मुलाचा जन्म आषाढ शुद्ध दशमीचा. पालख्या वाखरीहून पंढरीत शिरतात तो दिवस. तो जन्मला तेव्हा मी पंढरीत होतो. तार चार दिवसांनी हाती पडली. पुढेही दर दशमीला मी तिकडे आणि नागपूरला महालातल्या घरी त्याची आई एकटीच ओवाळत राहिली. वारीचा मला पश्चात्ताप नाही. पण परत आल्यावर एकदाही त्याला जवळ बसवून डोक्यावर अक्षता टाकल्या नाहीत, उलट कोटी ऐकवली, याचा आहे.

यंदा गुडघ्यांनी वारी थांबवली. मुलगा पुण्याहून आला. सेहेचाळीस वर्षांचा. सूनबाईंनी वडाभात केला, नातीने पाट मांडला. हिने औक्षण केले, मग तबक माझ्या हाती दिले. अक्षता टाकताना दिसले, पोराचे केस माझ्याइतकेच पांढरे होत आले आहेत. काळे असताना मी ते पाहिलेच नव्हते. तो म्हणाला, "बाबा, आज दशमी. पंढरीची आठवण येत असेल." मला उत्तर देता आले नाही.

आयुष्य घटते हे खरेच आहे, माउली. पण घटते म्हणूनच त्या दिवशी एकत्र बसायचे. नामदेवराय चार मुलांसह संसारात राहिले, नाथ गृहस्थच होते. आपला पंथ घर सोडायला सांगत नाही. तेव्हा थोरल्या लेकराची तिथी पंचांगात पाहून ठेवा, हरिपाठ म्हणा, दोन घास सोबत खा. आणि त्या दिवशी बुवांचे कीर्तन असेल, तर बुवांनाही घरी जाऊ द्या.

राम कृष्ण हरी.