जिना मोकळा करा, आजच करा!

जेऊरकरांनो, आज रात्री शटर ओढायच्या आधी घटकाभर जिन्यात उभे राहा. खाली दुकान पेटलं, तर वर झोपलेली लेकरं कुठून उतरतील?

१८ मे २०२५, रविवारची पहाट. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना पेटला. माणसं तिथंच राहायला होती. आठ जण गेले. त्यांत एक चिमुकलंही होतं. हे आपल्याच जिल्ह्यात घडलं.

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही आपलीही रीत. म्हणून आजच उठा. जिन्यातली पोती, खोकी, सिलिंडर हलवा. तिथं गाडी चार्जिंगला लावू नका. ग्रिलची एक तरी खिडकी आतून उघडेल अशी करून घ्या. चावी कुठं आहे, ते आजीलाही ठाऊक असू द्या.

घर जुनं, पण त्यावरचा भार नवा. दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी ओढलेल्या वायरवर आता फ्रिज, इन्व्हर्टर आणि एसी चालतो. काळाप्रमाणं नियमही बदलले. १९७०ची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ला पुन्हा सुधारली. राज्याचा आग प्रतिबंधक कायदा २००६चा. पण कागदावरचा नियम आपण होऊन भिंतीत शिरत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ला दहा तान्ही बाळं गेली, तेव्हा हा कायदा होताच.

तो भिंतीत उतरवायचा तुम्ही. दवाखाना, लॉज, मंगल कार्यालय चालवणाऱ्यांनो, कायदा लागू असेल तर आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावा लागतो. घ्या! पालकांनो, शाळेत, क्लासमध्ये जाऊन विचारा, बाहेर पडायची दुसरी वाट कुठं आहे? विचारलं म्हणून कुणी वैरी होत नाही.

ज्वाळेआधी धूर गाठतो. बंब येईपर्यंतची मिनिटं आपल्याच हातात असतात. वायरमन बोलवा, जळकी वायर बदला. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का बघा. वायर पेटली तर पाणी ओतू नका. जमलं तर मेन स्विच पाडा, बाहेर पडा, १०१ किंवा ११२ला फोन करा.

आणि आज जेवणं झाली की दिवे घालवून सगळ्यांनी एकदा जिना उतरून बघा. बाळाला कोण उचलणार, आजीचा हात कोण धरणार? अंधारात ठेच लागली, तर लागू द्या. कुठं अडतंय ते आजच कळेल.