देव सोडवतो की बांधतो?



परवा एकाच्या उसात उभा होतो. पाला पिवळा पडलेला, युरियाचा दुसरा हप्ता चुकलेला. "पैसं नवसाच्या बोकडात आणि जेवणावळीत गेलं, साहेब. नवस चुकला तर पोराला बाधंल म्हणून उसनंही काढलं," तो म्हणाला.

मला गाडगेबाबा आठवले. बाबा कीर्तनकार, पण सांगायचे काय? कर्ज काढून सण करू नका, मुकं जनावर कापू नका, पोरं शाळेत घाला. त्यांच्याच नावाचं कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कऱ्हाडात काढलं. महात्मा फुल्यांचं मूळ गावही आपलंच, खटाव तालुक्यातलं कटगुण. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे सांगायला त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला.

तेव्हा घरी कारभारणीसह बसून हिशेब मांडा. ज्या देवकार्यानं मन हलकं होतं, भावकी एका पंगतीला बसते, ते सोडवणारं. ज्यानं भीती आणि देणं वाढतं, ते बांधणारं. जत्रेला खुशाल जा. पण खताचे आणि पोरांच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा. आई कधी लेकराच्या ताटातलं मागत नाही.